आईला झोप लागत नाही, लॅव्हेंडरचं तेल दुधातून दिलं तर चालेल का?

दुधातून नको. तुम्ही आणलेलं तेल अतितीव्र असतं, दुधात नीट मिसळत नाही आणि घसा-पोट जाळतं. जर्मनीत ८० मिलीग्रॅमची लॅव्हेंडर कॅप्सूल अस्वस्थतेसाठी मिळते, पण त्यात तपासलेलं तेल मोजून भरलेलं असतं. बाटलीतल्या तेलाची त्याच्याशी बरोबरी नाही.

आधी लेबल बघा. ‘लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया’ (खऱ्या लॅव्हेंडरचं शास्त्रीय नाव) हवं. ‘लॅटिफोलिया’ ही दुसरी जात असेल तर त्यात कापराचा अंश जास्त, झोपेसाठी उपयोग नाही. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलंय? मग ते कपाटात ठेवायला बरं. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर दुसरं तेल मिसळलंय. डाग नाही म्हणून अस्सलच, असं मात्र नाही, कृत्रिम वासही उडून जातो.

वापरायचं असं: १० मिली करडईच्या किंवा तिळाच्या तेलात ४ थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. खाज सुटली नाही तर झोपण्यापूर्वी मान, खांदे, तळपाय चोळा. नाहीतर कापसाच्या बोळ्यावर २ थेंब टाकून तो उशीपासून हातभर लांब ठेवा. उन्हाळ्यात बरेच जण कूलरच्या टाकीत ओततात. तेल पाण्यावर तरंगतं, पॅडला चिकटतं आणि आठवड्याने खवट वास मारतो.

प्यायचंच असेल तर वाळलेली फुलं आणा: १ ते २ ग्रॅम, उकळत्या १५० मिली पाण्यात टाकून झाकण ठेवा, ५ ते १० मिनिटांनी गाळा. आपल्या चहासारखं खळाखळा उकळू नका, वास वाफेबरोबर जातो आणि उरतो कडवटपणा. संभाजीनगरच्या युनानी दुकानांत ‘उस्तुखुद्दूस’ मिळेल, पण ती वेगळी जात (लॅव्हेंडुला स्टेकस), आणि त्या नावाखाली कधीकधी भलतीच वनस्पती विकतात. चहासाठी ती नको.

बाटली मराठवाड्याच्या मे महिन्यात खिडकीत ठेवू नका. हवा आणि उष्णता लागली की तेलातल्या लिनॅलूल या सुवासिक घटकाचं ऑक्सिडीकरण होतं, आणि असं जुनं तेल अंगावर पुरळ उठवू शकतं. घट्ट बूच लावून फ्रिजच्या दारात ठेवा, उघडल्यापासून वर्षभरात संपवा.

आईंना झोपेची गोळी चालू असेल तर चहाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, गुंगी वाढू शकते. आणि रात्री लघवीला किंवा धाप लागून उठत असतील, तर लॅव्हेंडरने काही होणार नाही, तपासणी करून घ्या.