आजीच्या नावाची मेणबत्ती

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत शिकते. तिची रूममेट स्वतःला ज्यू म्हणवते, पण देव मानत नाही, सिनेगॉगमध्ये जात नाही, डुकराचं मांससुद्धा खाते. तिची आई ज्यू, वडील ख्रिश्चन. मात्र वर्षातून एकदा ती आईच्या आईच्या नावाने मेणबत्ती लावते आणि रात्रभर, दुसरा दिवसभर ती विझू देत नाही. महाराष्ट्रात मराठी बोलणारे ज्यू आहेत असं माझ्या मुलीने सांगितलं, तर तिला ते पटेचना. तुम्ही स्वतः बेने इस्रायली, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू, म्हणून विचारते. ज्यू असणं म्हणजे धर्म, जात की देश? आणि या मुलीला ज्यू म्हणायचं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या मेणबत्तीने मला माझी आई आठवली. अलिबागला इस्रायल आळीत आमचं घर. आजी गेली त्या तिथीला आई सूर्यास्ताच्या वेळी काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावायची आणि तो दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत जपायची. रात्री उठून तेल घालताना तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, तो अजून कानात आहे. युरोपातून आलेल्या ज्यूंना त्यासाठी चोवीस तास पुरणारी मेणबत्ती तयार मिळते. दिवा असो की मेणबत्ती, तिथी दोघीही हिब्रू पंचांगाचीच धरतात. त्या मुलीला ही रीत घरातूनच मिळाली असणार.

धर्मशास्त्राप्रमाणे तिचा प्रश्न सोपा आहे. आई ज्यू, तर मूल ज्यू. ते मोठेपणी देव मानतं की नाही, काय खातं, याने त्यात फरक पडत नाही. उलट असतं, म्हणजे वडील ज्यू आणि आई नाही, तर वाद झाला असता. अमेरिकेतल्या सुधारक पंथाने १९८३ मध्ये वडिलांकडचा वारसाही मान्य केला, सनातनी पंथ तो मानत नाही. इस्रायलचा स्थलांतराचा कायदा १९७० पासून एक आजी किंवा एक आजोबा ज्यू असले तरी दार उघडतो, पण तिथेच लग्न लावायचं तर धर्मपीठ आईची बाजू बघतं. म्हणजे एकच माणूस एका खिडकीवर ज्यू आणि दुसऱ्या खिडकीवर नाही! तेव्हा धर्म, जात की देश याचं एका शब्दात उत्तर मी देणार नाही. ते खोटं होईल.

माझं मात्र सांगते. आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं ‘शनवार तेली’. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली, सणांची नावंसुद्धा मराठी झाली : नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. उरलं काय, तर शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांची मासळी तेवढीच खायची हा नेम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना.

आणि मलिदा. नवस फेडायचा, लग्न ठरलं, कोणी आजारातून उठलं, की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचलेलं ताट. प्रत्येक प्रकारावर वेगळा आशीर्वाद म्हणतात, झाडाच्या फळाचा निराळा, जमिनीतून उगवणाऱ्याचा निराळा. लहानपणी मी सफरचंदाचा आशीर्वाद केळ्यावर म्हटला, तेव्हा आजोबांनी थांबवलं. केळीचं खोड दरवर्षी मरतं, ते झाड नव्हे, म्हणून केळ्याला जमिनीचा आशीर्वाद. माझ्यासाठी ज्यूपण त्या ताटाशी, आजोबांनी धरलेल्या माझ्या हाताशी सुरू झालं.

पण हे पुरेसं नाही असं आम्हालाही सांगितलं गेलं, आणि आमच्याच माणसांकडून. माझी आत्या पन्नासच्या दशकात इस्रायलला गेली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला, की बेने इस्रायली माणसाचं लग्न नोंदवताना आई, आजी, पणजी अशी वरपर्यंत चौकशी करा. दोन हजार वर्षं शनिवार पाळणाऱ्यांकडे कागद मागितले! लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत असं जाहीर केलं. आत्याने तेव्हा पत्रात लिहिलं होतं, ‘अलिबागला आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.’ ती पुढे आयुष्यभर मराठी वाचत राहिली. तिथे निघणारं ‘मायबोली’ त्रैमासिक तिच्या उशाशी असायचं.

इथिओपियाच्या ज्यूंना याहून जास्त सोसावं लागलं. १९९१ मध्ये दीड दिवसात चौदा हजारांवर माणसं विमानांनी इस्रायलला नेली, तरी त्यांच्या ज्यूपणावरची शंका संपली नाही. मणिपूर-मिझोरामच्या बेने मेनाशे ज्यूंना तर रीतसर धर्मांतराचा विधी करावा लागतो. म्हणून कोणी ‘ही खरी ज्यू का’ असं विचारलं की माझ्या पोटात कालवतं. तुमच्या मनात तसं काही नाही हे मला ठाऊक आहे, पण मुलीला सांगा, मैत्रिणीला हे विचारू नकोस. आजी कशी होती, कुठल्या गावची, तिच्या हातचं काय आवडायचं, हे विचार. युरोपातली कितीतरी घरं नाझींच्या छळात संपली. कदाचित त्या मेणबत्तीपाशी एकाहून जास्त नावं असतील. ती सांगेल तेव्हा ऐकून घे.

राहिलं आमचं मराठी ज्यूपण तिला न पटण्याचं. माझा नंबर संपादकांकडून घ्या. आमची शनिवारची सुट्टी शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होते, दिवा लावल्यावर मी फोन घेत नाही, तेव्हा त्याआधी दुपारी लावायला सांगा. त्यांच्याकडे भल्या पहाटे उठावं लागेल, पण उठतील. आधी मी तिला मराठीतून मलिद्याची कृती सांगेन, तुमची लेक भाषांतर करेल. मग ‘शेमा’ म्हणेन. पहिली ओळ सहा शब्दांची आहे. तिला येत असेल तर ती माझ्याबरोबर म्हणेल, येत नसेल तर मी सावकाश म्हणेन.