बी.कॉम.ला मायनर म्हणून 'नागरी शिक्षण आणि समाजनेतृत्व' घेऊ का? घरचे म्हणतात, फुकट जाईल

तुम्ही लिहिलंय की बारावी कॉमर्स झालंय, सोलापुरातच बी.कॉम.ला प्रवेश घेताय, मायनरच्या (मुख्य विषयासोबत घ्यायच्या दुय्यम विषयाच्या) यादीत हा विषय दिसला आणि आवडला. पण घरचे म्हणतात, त्यापेक्षा कामाचं काहीतरी घे. माझ्या घरी तर पप्पांनी एकच प्रश्न विचारला होता : "हे शिकून तू नगरसेवक होणार का?"

झाले नाही. सध्या एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते. तरी हाच मायनर पुन्हा घेईन, पण एका अटीवर. ती पुढे सांगते.

आधी हिशोब बघा, म्हणजे घरच्यांशी बोलायला बरं पडेल. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची धरली, तर त्यात मायनरचे १८ ते २० क्रेडिट असतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा ३०. म्हणजे तुमचं अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्स सगळं जागच्या जागी राहतं. या विषयापायी बी.कॉम. बुडत नाही. कुठे विषयाचं नाव वेगळं असतं, कुठे तो राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासनाच्या पोटात असतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून बघा. मी २०२३ च्या तुकडीतली. तेव्हा स्वायत्त कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण नुकतं आलं होतं (बाकीच्या कॉलेजांत २०२४ पासून आलं) आणि क्रेडिटचं गणित आमच्या सरांनाही आमच्याबरोबरच उलगडत होतं.

'नेतृत्व' या शब्दाला घाबरू नका. आपल्याकडे नेता व्हायला चौकात एक फ्लेक्स पुरतो. वाढदिवस, गॉगल, खाली 'भावी नगरसेवक' आणि शुभेच्छुकांचे वीस चेहरे. मला वाटलं होतं वर्गात भाषणं करायला लावतील. पहिल्या सत्रात एकही भाषण झालं नाही. सरांनी सभेचं इतिवृत्त लिहायला लावलं. कोण काय बोललं, ठराव काय झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण. चार वेळा खोडून परत दिलं. तेव्हा राग आला होता. आज ऑफिसात कंपन्यांच्या मीटिंगची मिनिट्स माझ्याकडेच येतात.

थिअरीत ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती (पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा देणाऱ्या), घटनेच्या बाराव्या अनुसूचीतली नागरी संस्थांची १८ कामं, माहितीचा अधिकार, सेवा हमी कायदा. पाठ करायला कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. आमच्या वेळी तर अजून एक गंमत होती. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली आणि कारभार प्रशासकांकडे. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं घटनेचं २४३-एस हे कलम सांगतं, ते आम्ही परीक्षेत लिहीत होतो आणि साडेनऊ लाखांच्या आपल्या शहरात तेव्हा एकही नगरसेवक नव्हता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग ही समिती कुणाची?" सरांनी खडू खाली ठेवला आणि तो तास पुस्तकाबाहेर गेला.

त्याच तासाला १९३० चं सोलापूर आलं. नगरपालिकेवर फडकवलेला तिरंगा, मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चार हुतात्मा पुतळ्यापाशी आपण रोज रिक्षा बदलतो, त्यामुळे एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला नवीन होतं ते दुसरंच. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि नगरपालिकेनं त्याला महिन्याला ४० रुपयांचं अनुदान दिलं. त्या ४० रुपयांसाठी कुणीतरी अर्ज लिहिला असणार, कुणीतरी सभेत विषय मांडला असणार. माझं डोकं कॉमर्सचं, त्यामुळे झेंड्याइतकाच हा आकडाही मला लक्षात राहिला.

खरा विषय फिल्डवर्कला कळला. आमच्या सहा जणांच्या गटाला पूर्व भागातली एक गल्ली मिळाली. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या. विषय आम्हीच निवडला : पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही चाळीस प्रश्नांची प्रश्नावली छापून नेली. 'पाणीपुरवठ्याबाबत आपण कितपत समाधानी आहात?' वगैरे. मांडीवर सूप, हातात कात्री, तंबाखूचा वास, संध्याकाळपर्यंत हजार विड्या पुऱ्या करायच्या आणि समोर आम्ही पेन घेऊन. सगळ्यांनी मान न वर करता एकच उत्तर दिलं, "बरं हाय." दोन दिवसांत बावीस फॉर्म भरले आणि बावीसही सारखेच.

तिसऱ्या दिवशी गटातली एक मैत्रीण, जिच्या घरी तेलुगू बोलतात, फॉर्म बाजूला ठेवून एका अक्कांशेजारी बसली, पानं कातरू लागली आणि तेलुगूत एवढंच विचारलं की पाणी कधी आलं होतं? अक्का उठल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. ज्या दिवशी पाणी आलं त्या तारखेला निळा गोल, बाजूला बारीक अक्षरात वेळ. लाल आकडे त्या दिवशी किती हजार विड्या दिल्या त्याचे. मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरंही जपून ठेवलेली. पाणी रात्री दोनला आलं की दुसऱ्या दिवशी लाल आकडा खाली, हे त्या पानांवर सरळ दिसत होतं. आमच्या प्रश्नावलीत विड्यांचा प्रश्नच नव्हता.

मग आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला, आणि तोही फसला. चूक सर्वस्वी आमची. 'पाणी रात्रीच का सोडले जाते?' असे सात 'का' लिहिले होते. उत्तर आलं : प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. आम्ही चिडलो, सर हसले. कायद्यानं आपल्याला कागद मागता येतो, कार्यालयात जी नोंद आहे ती. खुलासा मागता येत नाही. दुसरा अर्ज नीट लिहिला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. मागितलं काय, तर तीन महिन्यांत त्या भागात पाणी कधी सोडलं याच्या नोंदवहीची प्रत. तीस दिवसांच्या आत प्रती मिळाल्या, पानाला दोन रुपये. कॅलेंडर आणि नोंदवही शेजारी ठेवून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. बी.कॉम.चा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तो तक्ता घेऊन आम्ही संबंधित साहेबांना भेटलो. बोलल्या अक्का, आम्ही फाईल धरून उभे. पाण्याची वेळ काही बदलली नाही. पण कधी सोडणार याचा निरोप आदल्या संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायला लागला, म्हणजे रात्रभर जागं राहायची वेळ टळली. आमच्या रिपोर्टात याला अर्धं पान आहे. बाकी पंचवीस पानं प्रस्तावना.

ग्रामसभेलाही एकदा नेलं होतं, उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात. १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी लागते. ती झाली नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पुढच्या वेळी मोजके लोक आणि सगळे ठराव मंजूर! तिथेच कळलं की तेव्हाच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के 'बंधित' होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. सभामंडप बांधा म्हणून एक आजोबा भांडत होते आणि तो खर्च या ६० टक्क्यांत का बसत नाही ते अख्ख्या गटात मला एकटीला पटकन कळलं. कॉमर्सवाल्यांना हा विषय जड जात नाही, उलट बजेटचं पान उघडलं की बाकीचे आपल्याकडे बघतात.

आता ती अट. काही ठिकाणी हाच विषय नोट्स लिहून घेण्यात संपतो. फिल्डवर्क म्हणजे बॅनर धरून फोटो आणि कुणाच्या तरी हस्ते वृक्षारोपण. त्यामुळे प्रवेशाआधी सीनियरला चहा पाजून विचारा की तुम्हाला कुठे नेलं, किती दिवस नेलं, आणि रिपोर्ट स्वतः लिहिला का झेरॉक्सच्या दुकानातून आणला. तो अडखळला तर सरळ दुसरा मायनर घ्या, घरचे म्हणतात तेच बरोबर. अजून एक, फिल्डवर्कच्या ओळखीतून 'युवा कार्यकर्ता' म्हणून गळ्यात पट्टा घालायला लोक येतात. आमच्यातले दोघं गेले आणि अजून सतरंज्या उचलतायत. तुम्हाला हौस असेल तर जा, मी अडवणार नाही.

नोकरीचं विचाराल तर या मायनरवर कुणी नोकरी देत नाही. एमपीएससीच्या राज्यव्यवस्थेला पाया मिळतो, तेवढं खरं. हेच काम आयुष्यभर करायचंय असं वाटलं तर पदवीनंतर तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं कॅम्पस आहे, एसटीनं तासाभराच्या अंतरावर, ते बघा.

आणि घेतलात हा विषय, मिळाला पूर्व भाग, आणि तेलुगू येत नसेल, तर आधी एवढं पाठ करून जा : "नीळ्ळु एप्पुडु वच्चायि?" पाणी कधी आलं होतं?