मालदीव की मॉरिशस? आधी महिना सांगा

या वेळी वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत: रिसॉर्टवर निवांत सुट्टी घालवायचीय, मालदीव घ्यावं की मॉरिशस? दोन्हीकडे नारळ, दोन्हीकडे निळं पाणी. एजंटच्या पत्रकातले फोटो अदलाबदल केले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. प्रत्यक्षात मालदीव म्हणजे विषुववृत्तालगतची जवळपास बाराशे चिमुकली प्रवाळबेटं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर वर. मॉरिशस हे दक्षिण गोलार्धातलं, ज्वालामुखीतून वर आलेलं एकच मोठं बेट, 828 मीटर उंचीचा डोंगर असलेलं. त्यामुळे ‘चांगलं कुठलं’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या महिन्यात, कोणाबरोबर आणि दिवसभर करणार काय, हे कळलं की उत्तर देता येतं.

मुलांच्या परीक्षा संपल्या की मेमध्ये सात दिवस जायचं आहे. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 8. घरात मालदीवचा हट्ट आहे. काय करावं? (कोथरूड)

मेमध्ये मॉरिशस. यात फारसा विचार करण्यासारखं काही नाही.

पावसाळा पुण्यात जूनमध्ये येतो. येताना तो मालदीववरूनच येतो, म्हणजे तिथे मेमध्येच पोचलेला असतो. नैर्ऋत्य वाऱ्यांचा हा काळ ऑक्टोबरपर्यंत चालतो. रोज दिवसभर कोसळत नाही, पण लाटा वाढतात, पाणी गढूळतं आणि बोटीच्या सहली आयत्या वेळी रद्द होतात. दर उतरतात ते याच कारणाने. मॉरिशसला उलट हिशेब: तिथे नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, त्यातले जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. मेमध्ये उन्हाळा ओसरलेला असतो, हवा कोरडी होते, दुपारी पंचविशीच्या आसपास तापमान आणि समुद्र अजून पोहण्याइतका ऊबदार. जुलै-ऑगस्टमध्ये तोच समुद्र 22-23 अंशांवर येतो, आणि आपली मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात.

दुसरं म्हणजे मालदीवमध्ये एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. बेटाला फेरी मारायला बऱ्याच ठिकाणी अर्धा तासही लागत नाही. जोडप्याला त्यातच मजा असते. आठ वर्षांचा मुलगा तिसऱ्या दिवशी ‘आता काय?’ विचारतो. शिवाय पाण्यावरच्या व्हिलात लहान मुलांना घेणं अनेक रिसॉर्टना मान्य नसतं, म्हणजे ज्या फोटोवरून हट्ट सुरू झाला तीच खोली मिळत नाही.

मॉरिशसला किनारा निवडताना वारा बघा. मेपासून आग्नेयेचे वारे जोर धरतात आणि पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात. तिथला बेल मार किनारा दिसायला सुरेख, पण त्या दिवसांत वाळू डोळ्यांत आणि पाणी खळबळलेलं. पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक किंवा उत्तरेचं त्रू ओ बीश, ग्राँ बे हे वाऱ्यापासून आडोशाला. विमानतळ आग्नेयेला आहे. तिथून ग्राँ बेला पोचायला तास-सव्वा तास धरा.

सात दिवसांत तीनच दिवस बाहेर पडा. एक दक्षिणेचा: गंगा तलाव, ब्लॅक रिव्हरची दरी, शामारेलची सातरंगी माती आणि धबधबा. गंगा तलाव उंचावर आहे, किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे धुकं आणि पावसाची सर असते, म्हणून मुलांची पातळ जाकिटं गाडीत ठेवा. एक उत्तरेचा: पाँप्लमूसची बाग (परातीएवढ्या पानांची कमळं) आणि राजधानी पोर्ट लुई. एक पूर्वेचा: इल ओ सर्फ बेटावर बोटीने. एजंट दक्षिण आणि पूर्व एका दिवसात कोंबतात. त्यात निम्मा दिवस गाडीत जातो. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळी साडेआठला निघायचं.

हट्ट मोडवतच नसेल, तर मालदीव फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवा आणि शाळेत दोन दिवसांचा अर्ज द्या. बाईंची परवानगी तुमची तुम्ही मिळवा.

लग्न जानेवारीत, फेब्रुवारीत मालदीवला चार रात्री. कोटेशनमध्ये ‘450++ डॉलर प्रति रात्र’ आहे. आमचं बजेट त्यात बसतं. ही दोन अधिकची चिन्हं कशाची? (बाणेर)

महिना उत्तम निवडलात. जानेवारी ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ. बजेट मात्र पुन्हा मांडा.

पहिलं अधिक म्हणजे 10 टक्के सेवाशुल्क. दुसरं म्हणजे 17 टक्के पर्यटन कर, आणि तो सेवाशुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर लागतो. म्हणजे 27 नव्हे, 28.7 टक्के वाढ. चार रात्रींचे 1800 डॉलर, सेवाशुल्कासह 1980, करासह 2316.60. त्यावर हरित कर: रिसॉर्टमध्ये माणशी रात्री 12 डॉलर, म्हणजे दोघांचे चार रात्रींचे 96. झाले 2412.60. आणि अजून तुम्ही विमानतळावरच उभे आहात.

रिसॉर्टपर्यंत जायचं कसं, हा खरा खर्च. सीप्लेनला (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाला) जाऊन-येऊन माणशी 400 ते 600 डॉलर पडणं सर्रास आहे. 500 धरले तरी दोघांचे हजार. एकूण 3400च्या वर, म्हणजे रात्रीला 850. कोटेशनमधल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि यात दुपारचं जेवण अजून आलेलं नाही.

यावर तीन उपाय. पहिलं, चार रात्रींसाठी राजधानी मालेजवळचं, स्पीडबोटने तास-पाऊण तासात गाठता येणारं रिसॉर्ट घ्या. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर उतरलं तर ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढावी लागते आणि रिसॉर्टची पहिली रात्र वाया जाते. पैसे तिचेही लागतात. स्पीडबोटीला ही अडचण नाही. सीप्लेनच घेणार असाल, तर माणशी साधारण 20 किलो मोठी बॅग आणि 5 किलो हातातली, एवढीच मुभा असते, त्यावर किलोमागे पैसे. लग्नानंतरच्या बॅगा 20 किलोत बसत नाहीत, हे सांगायला नको.

दुसरं, जेवणाची योजना. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारी बाहेर पर्याय नसतो. बेटावर दुसरं दुकानच नाही. एक सँडविच आणि एक ज्यूस, वर पुन्हा तीच दोन अधिकची चिन्हं. दुपारचं जेवणही धरणाऱ्या ‘फुल बोर्ड’च्या दरातला फरक विचारा, आणि पिण्याचं पाणी त्यात धरलंय का हेही. मॉरिशसमध्ये हाफ बोर्ड खुशाल घ्या, दुपारी बाहेर रस्त्यावर डाळ भरलेली गरम धोल पुरी मिळते.

तिसरं, एजंटला एकच वाक्य लिहून पाठवा: ‘सर्व कर, हरित कर, ने-आण आणि तीन वेळचं जेवण धरून दोघांची एकूण रक्कम कळवा.’ जो एजंट या मेलला सरळ आकड्याने उत्तर देतो, त्याच्याकडे बुकिंग करा. पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस (एजंटने आगाऊ घेतलेला आयकर) हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. पण पैसे ज्याच्या पॅनवर भराल त्यालाच. वडिलांनी हौसेने भरले तर त्यांच्याच विवरणपत्रात दाखवायचे.

आई-वडील सत्तरीचे, वडिलांचे गुडघे दुखतात, दोघंही शुद्ध शाकाहारी. त्यांना घेऊन कुठे जावं? (सिंहगड रस्ता)

मॉरिशसला. मालदीवमध्ये विमानातून बोटीत, बोटीतून डुगडुगणाऱ्या धक्क्यावर, असं दोन-तीनदा चढावं-उतरावं लागतं. सीप्लेनचा जिना अरुंद असतो आणि आत वाकून चालावं लागतं. मॉरिशसला गाडी हॉटेलच्या दारात.

बुकिंग करताना ‘तळमजल्याची खोली, न्हाणीघरात टब नको, सपाट शॉवर हवा’ हे लेखी मागा. टबची कड ओलांडताना गुडघा दगा देतो. जेवणाची काळजी कमी आहे: लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य, डाळ-भाजी अनोळखी नाही. मराठी कुटुंबंही पिढ्यान् पिढ्या आहेत; गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गंगा तलावावरची शंकराची 33 मीटर उंच मूर्ती रस्त्यालगतच आहे, चढण नाही.

औषधांचं मात्र नीट बघा. अंमली द्रव्यांबाबत मॉरिशसचे कायदे फार कडक आहेत. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल असलेली गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना पर्याय विचारा. बाकी औषधं मूळ पाकिटात, इंग्रजीतल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. मग मालदीवचे पैसे वाया का? (हडपसर)

नाही, पण रिसॉर्ट वेगळ्या निकषावर निवडा. बेटाभोवती दोन प्रकारचं पाणी असतं: आत उथळ, कमरेएवढं, वाळूच्या तळाचं लगून, आणि जिथे तळ एकदम खोल जातो ती प्रवाळाची कड, म्हणजे हाउस रीफ. पोहणाऱ्यांना कड जवळ हवी असते, तिथे मासे असतात. तुम्हाला रुंद लगून हवं. रिसॉर्टचा उपग्रह नकाशा उघडा: किनाऱ्याभोवती फिक्या निळ्याचा रुंद पट्टा दिसला की ते तुमचं. गडद निळा रंग वाळूला भिडलेला असेल तर ते तुमचं नव्हे.

पाण्यावरच्या व्हिलाची शिडी कुठे उतरते हेही विचारा. काही ठिकाणी ती भरतीला डोक्यावर पाणी असलेल्या जागी उतरते. ओहोटीला तिथलं पाणी छातीएवढं होतं आणि माणूस फसतो: सकाळी उभं राहता आलं म्हणून संध्याकाळी उतरतो. लाइफ जॅकेट घालून तोंड पाण्यात घालायचं, एवढं पहिल्या दिवशी तिथल्या प्रशिक्षकाकडून शिका. दोन बेटांमधल्या खाडीत प्रवाहाला जोर असतो. तिथे जॅकेट घालूनही एकटं जायचं नाही.

मॉरिशसला गेलात तर हेल्मेट घालून समुद्रतळावर चालायची सोय आहे, त्याला पोहणं लागत नाही. फक्त सर्दी असताना नको. तीन-चार मीटरवरही कानाचे दडे बसतात आणि उघडले नाहीत तर पडदा दुखावतो. तिथल्या लगूनमध्ये समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो, म्हणून जाड रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला. लक्ष्मी रोडवरच्या स्लीपर चालणार नाहीत, पहिल्याच लाटेत एक जाते.

सोबत छोटी गणपतीची मूर्ती नेतो आम्ही. आणि ड्यूटी-फ्रीची बाटली? (निगडी)

मालदीवला दोन्ही नको. पूजेच्या मूर्ती आत नेण्यास तिथे मनाई आहे, मूर्ती घरीच राहू द्या. दारूची बाटली विमानतळावर काढून घेतात, पावती देतात, परतताना मिळते. रिसॉर्टवर दारू मिळते, पण तिथलीच. व्हेपला (ई-सिगारेटला) तर दोन्ही देशांत बंदी आहे. चकली-चिवडा बंद पाकिटात असेल तर कुणी अडवत नाही. फळं, बिया, रोपं मात्र मॉरिशसला नेऊ नका.

रिसॉर्ट परवडत नाही. माफुशीसारख्या स्थानिक बेटावर राहिलं तर? (औंध)

चालेल, पण तो वेगळा प्रवास आहे, स्वस्तातलं रिसॉर्ट नव्हे. माफुशी मालेच्या दक्षिणेला, स्पीडबोटने अर्ध्या-पाऊण तासावर. गेस्टहाउस लहान असेल तर हरित कर निम्मा, 6 डॉलर. दारू नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ‘बिकिनी बीच’ म्हणून आखलेल्या पट्ट्यातच वावरायचं. गावात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. शुक्रवारी सरकारी फेरीबोट धरू नका, तो तिथला सुट्टीचा वार. मधला एक दिवस जवळच्या रिसॉर्टचा डे-पास घेतला की फोटोही होतात.

मॉरिशसला समुद्राखालचा धबधबा आहे म्हणे, बोटीतून दिसतो का? आणि एकाच फेरीत दोन्ही देश जमतील का? (पिंपळे सौदागर)

बोटीतून दिसत नाही, कारण तिथे धबधबा नाहीच. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, ल मॉर्नजवळ, वाळू आणि गाळ कडेवरून खोल पाण्यात घसरतो, त्यामुळे वरून तसा भास होतो. तो उंच हवेतूनच, उदाहरणार्थ हेलिकॉप्टरमधून, बघता येतो, आणि तोही दुपारच्या आत, ऊन डोक्यावर असताना. बोटीतून ‘धबधबा दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दोन्ही देश एका फेरीत नको. मुंबईहून माले तीन तासांच्या आसपास, मॉरिशस साडेसहा. मधल्या विमानबदलात एक अख्खा दिवस जातो, आणि एकाचा हंगाम चांगला असतो तेव्हा दुसऱ्याचा बहुधा नसतो. नोव्हेंबरच्या अखेरीस दोन्हीकडे हवा बरी असू शकते. पण तेवढ्यासाठी दोनदा बॅगा भरायच्या का, ते तुम्ही ठरवा. नाताळच्या आठवड्यात गेलात तर मात्र 24 आणि 31 डिसेंबरच्या सक्तीच्या ‘गाला डिनर’चे पैसे वेगळे लागतात का, हे बुकिंगआधी विचारा; ते कोटेशनच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतं.