जाळीच्या खुर्चीचा काठ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हॅरी बर्टोया यांच्या आरेखनाची, पोलादी तारेची ‘डायमंड’ खुर्ची मी जुन्या सामानातून घेतली. तिचा काठ एकाच जाड तारेचा आहे. अस्सल खुर्चीला दोन तारांचा काठ असतो, असे एका परिचितांनी सांगितले. माझी खुर्ची नकली समजावी का?

उत्तर : केवळ काठावरून तसा निष्कर्ष काढू नये. आपल्या परिचितांनी सांगितले ते खरे आहे, पण फक्त सुरुवातीच्या काळापुरते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन आरेखक दांपत्याची तारेची खुर्ची हर्मन मिलर कंपनीने 1951 मध्ये बाजारात आणली. तिच्या काठाला दोन बारीक तारा असून जाळीच्या तारांची टोके त्या दोहोंच्या मधे पकडलेली असतात. त्यामुळे टोके कपड्यांना वा हाताला लागत नाहीत आणि जाड कांब न वापरताही काठाला पुरेशी ताकद येते. पुढच्याच वर्षी नोल कंपनीने बर्टोयांच्या खुर्च्या सादर केल्या, तेव्हा त्यांचाही काठ दुहेरीच होता. त्यावरून पेटंटचा वाद उभा राहिला आणि नोलने दुहेरी काठ सोडून एकच जाड तार स्वीकारली. तेव्हा एकेरी काठ हा नकलीचा पुरावा नव्हे.

या वादाला आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. इटलीत 1915 मध्ये जन्मलेले बर्टोया अमेरिकेतील क्रॅनब्रूक कला अकादमीत धातुकाम शिकवत असत, आणि 1943 पासून काही वर्षे ते कॅलिफोर्नियात ईम्स यांच्यासोबतच काम करत होते. एकाच कार्यशाळेत वावरलेल्या माणसांपैकी कोणती कल्पना मुळात कोणाची, हे पेटंटच्या कागदावरून ठरवता येते असे मला वाटत नाही.

अस्सलपणा तपासायचा असेल, तर सांधे पाहावेत. तारा जिथे एकमेकींना छेदतात तो प्रत्येक सांधा सारखा आणि स्वच्छ असावा, जाळीच्या रेषा वळणावरही अखंड वाहाव्यात आणि डावी-उजवी बाजू जुळावी. घाईने केलेल्या नकलेत वळणापाशी चौकटी वेड्यावाकड्या होतात. नोलच्या अलीकडच्या खुर्च्यांच्या पायाच्या चौकटीवर कंपनीची खूण आणि बर्टोयांची स्वाक्षरी ठोकलेली असते.

प्रश्न : दिसायला या खुर्च्या पूर्णपणे यंत्रावर घडवल्यासारख्या वाटतात. मग त्या इतक्या महाग का असतात?

उत्तर : कारण त्या दिसतात तितक्या यंत्राच्या नाहीत. नोलच्या निमंत्रणावरून बर्टोया 1950 मध्ये पेनसिल्व्हेनियाला आले आणि तेथील कार्यशाळेत त्यांनी तारा हाताने वाकवून, माणसाच्या बसण्याच्या ढबीनुसार आकार शोधला. उत्पादन सुरू झाल्यावरही तारा हाताने वाकवून साच्यात बसवणे आणि मग त्यांचे वेल्डिंग करणे हीच पद्धत सोयीची ठरली. बर्टोया मुळात शिल्पकार होते. आपल्या खुर्च्या मुख्यतः हवेच्याच बनलेल्या आहेत आणि अवकाश त्यांच्यातून आरपार जातो, असे ते म्हणत. या खुर्च्यांच्या यशानंतर त्यांनी पुढचे आयुष्य शिल्पकलेलाच दिले. अमेरिकन आरेखक वॉरन प्लॅटनर यांनी 1966 मध्ये नोलसाठी केलेल्या खुर्च्यांत हे कष्ट टोकाला गेले आहेत : त्यांच्या आरामखुर्चीत हजाराहून अधिक वेल्डिंगचे सांधे असतात.

प्रश्न : नुसत्या तारेवर बसणे आरामदायी असते का?

उत्तर : थोडा वेळ, होय. अधिक वेळ बसायचे असल्यास गादी हवीच. ईम्स यांच्या खुर्चीसाठी तर बैठक आणि पाठ अशा दोन तुकड्यांची गादी होती आणि तिला ‘बिकिनी’ हे नाव पडले. डायमंड खुर्चीत जाळी आणि पाया यांच्या मधे रबरी जोड असतात, त्यामुळे ती बसणाऱ्याच्या भाराबरोबर किंचित हलते. जुन्या खुर्चीत हे रबर कडक झालेले असते. खुर्ची ताठ वाटत असेल, तर दोष तारेला देण्याआधी ते बदलून पाहावे.

प्रश्न : क्रोमचा मुलामा असलेल्या माझ्या खुर्चीचा एक सांधा सुटला आहे. वेल्डिंग करून घ्यावे का?

उत्तर : करून घ्यावे, मात्र मुलामा आधी त्या जागेपुरता घासून काढायला सांगावे, कारण क्रोमवर थेट वेल्डिंग केल्यास निघणारा धूर आरोग्यास घातक असतो. दुरुस्तीची जागा उघडी ठेवल्यास तेथूनच गंज पसरतो, म्हणून ती लगेच झाकून घ्यावी. संपूर्ण खुर्चीवर पावडर कोटिंग (कोरडी रंगभुकटी फवारून, तापवून बसवलेला थर) करणे स्वस्त पडते, परंतु जुन्या खुर्चीचा मूळ मुलामा गेला की संग्राहकाच्या दृष्टीने तिचे मोल उतरते.