एकाच वेळी ख्रिस्ती आणि बौद्ध असता येतं का? दुःख ही देवाने घेतलेली परीक्षा मानावी का?

असता येतं, आमचं घरच तसं आहे. बाबा नगरचे ख्रिस्ती, आई जालन्याची बौद्ध. नाताळला करंज्या, १४ एप्रिलला दारात निळा झेंडा.

परीक्षेच्या प्रश्नाने मात्र जुनी खपली निघाली. बाबा प्यायचे, हात उचलायचे. एका रविवारी आत्या चर्चमधून थेट घरी आली. आई सुजलेल्या मनगटाला आंबेहळद लावून डाव्या हाताने मेथी निवडत होती. आत्या म्हणाली, "वहिनी, प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावा लागतो." आईने मानही वर केली नाही. "येशूवर तो रोमनांनी लादला, वन्सं. माझ्यावर कोण लादतंय ते बोला ना."

पुढे कॉलेजात डेलोरेस विल्यम्स वाचली. अमेरिकेतली कृष्णवर्णीय धर्मचिंतक, पुस्तक १९९३चं. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मुक्तीच्या धर्मचिंतनात मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटणारे इस्राएली पुढे होते. हिने त्या इस्राएलींच्या मूळपुरुषाच्या, अब्राहामाच्याच घरातली मिसरी दासी हागार पुढे आणली. हागार पळाली, तर देवाच्या दूताने तिला मालकिणीकडे परत पाठवलं! विल्यम्स हे झाकत नाही. पुढे रानात पाणी संपलं तेव्हा देवाने विहीर दाखवली. म्हणजे जगण्याची सोय केली, सुटका नाही. गुलामीत दुसऱ्यांचं ओझं वाहिलेल्या बायकांना 'दुसऱ्यासाठी सोसणं पवित्र' हे शिकवूच नका, तारण, म्हणजे उद्धार, येशूच्या जगण्यात आहे, वधस्तंभावर नाही, असं ती ठणकावते. आईचा बुद्धही दुःखाला कारण असतं आणि ते थांबवता येतं, एवढंच सांगतो. परीक्षा-बिरीक्षा काही नाही.

हां, बाबासाहेबांनी धम्मदीक्षेत दिलेल्या बावीस प्रतिज्ञा काटेकोर पाळणारे माझं पहिलं वाक्य मान्य करणार नाहीत, आणि चर्चचे पाळकही नाहीत. सरकारी कागदावर तर दोन धर्म चालतच नाहीत: अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बौद्ध झालेल्यांना १९९० पासून आहेत, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाहीत. दाखल्याचं काम असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

पण घरात मार खाणाऱ्या बाईला कोणी क्रूस सांगत असेल, तर आधी त्याला गप्प करा, धर्म नंतर ठरवा. आमची आत्या आजही म्हणते, बाबांची दारू तिच्या प्रार्थनेने सुटली. आई मला घेऊन जालन्याला निघून गेली आणि बाटली सुटेपर्यंत परतली नाही, हे ती सोयीस्कर विसरते. तिला हे उत्तर कोणी पाठवलं तरी माझी हरकत नाही.