दोन बॉल पायथन एका पेटीत ठेवावेत का?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलाने पाळलेले दोन बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) एकाच काचपेटीत एकमेकांवर वेटोळे घालून बसतात. त्यांना एकमेकांची सोबत आवडत असेल ना?

उत्तर : कृपया तसे समजू नका. आफ्रिकेतील ही जात एकटी राहणारी आहे आणि आपल्याला जे बिलगणे वाटते, ती बहुधा पेटीतल्या उबदार कोपऱ्यासाठी चाललेली मूक चढाओढ असते, जिच्यात दबलेला साप हळूहळू उंदीर घेणे सोडतो आणि त्याचे वजन उतरू लागते. ओकून टाकलेले भक्ष्य नेमके कोणाचे, हेही मग कळत नाही आणि आजार उशिरा लक्षात येतो. एकाच उंदरावर दोघांनी झडप घातली, तर इजा होऊ शकते. (किंग स्नेक तर दुसऱ्या सापालाच गिळतो.) कॅनडातील मॅनिटोबात गार्टर स्नेक हिवाळ्यात हजारोंनी एकत्र राहतात हे खरे, परंतु तो दाखला येथे लागू पडत नाही.

मुलाला दुसरी पेटी लवकरात लवकर घेऊन द्या. प्रत्येक पेटीत सुमारे 31 ते 32 अंश सेल्सिअसची उबदार जागा, एक थंड बाजू आणि दोन्हीकडे अंग चहूबाजूंनी टेकेल इतका अरुंद आडोसा असावा.