चादर वर केल्याशिवाय ओव्हर झाली म्हणू नका

ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि सर्जिकल वॉर्डमधल्या ओव्हरसाठी, म्हणजे पेशंट सोपवताना माहिती देण्यासाठी, तुम्ही दोन पानी फॉर्म केलात, तरी गोष्टी सुटतात आणि खापर एकमेकींवर फुटतं, असं तुम्ही लिहिलंय. मी २१ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, शेवटची सहा इनचार्ज म्हणून. नुसत्या फॉर्मनं हे सुटत नाही. एक भरते, दुसरी सही करते, पेशंटकडे कुणीच बघत नाही.

आमच्याकडे एकदा पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट संध्याकाळी साडेसातला वर आला. शिफ्ट करताना ड्रेनला, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी पिशवीत काढणाऱ्या नळीला, क्लॅम्प (चिमटा) लावलेला, तो उघडायचा राहिला. ओव्हर काय, तर "ड्रेन आहे, निल", म्हणजे काहीच आलेलं नाही. नाइटच्या सिस्टरनं चार्टवर दोनदा निल लिहिलं. ड्रेन कोरडा म्हणून सगळे खूश. दहाला पल्स १२४ झाली तेव्हा कुठे चादर वर केली. क्लॅम्प उघडताच पिशवीत भराभरा रक्त. पेशंट परत ओटीत गेला, वाचला. चूक कुणाची यावर मात्र आठवडाभर भांडणं. देणारी आणि घेणारी, दोघींनी मिळून नळी अंगापासून पिशवीपर्यंत हातानं तपासली असती, तर दहा सेकंदांचं काम होतं.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलनं लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या ओव्हरसाठी फेरारीच्या फॉर्म्युला वन (मोटार शर्यत) टीमकडून धडे घेतले होते. त्यावरचा अभ्यास २००७ साली छापून आला. त्यातलं मला पटलेलं एवढंच: आधी हात, मग तोंड. मॉनिटर, ऑक्सिजन, आयव्ही (शिरेतली नळी) लागेपर्यंत गप्प. मग एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आपल्याकडे वॉर्डबॉय मामा ट्रॉली मागतात, नातेवाईक "शुद्धीवर आलाय ना?" विचारतात, आणि त्याच गडबडीत ओव्हर उरकते.

दुसरं, घेणारीनं उलट बोलून दाखवायचं. "पॅरासिटामॉल आयव्ही एक ग्रॅम दीडला दिलंय, पुढचा डोस साडेसातला." हे बोललंच नाही, की वॉर्डात केसपेपरवरची सहा तासांची ऑर्डर बघून तीनला दुसरा डोस सुरू होतो. नुसत्या "हो हो"वर सही करायची नाही, हे नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते.

डब्ल्यूएचओच्या २००८ च्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये शेवटी साइन आउट आहे. पेशंट ओटीतून हलण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टरनं पुढची काळजी काय घ्यायची ते बोलायचं असतं. बऱ्याच ठिकाणी नुसती टिक होते. तुमच्या ओटी इनचार्जना तिथे दोन वाक्यं केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा: या पेशंटमध्ये कशाची भीती आहे आणि कधी फोन करायचा. वॉर्डला खरं तेच लागतं. ते मिळालं तर तुमचा फॉर्म एका पानावर येईल.

आणि पावणेआठ ते सव्वाआठ, म्हणजे ड्यूटी बदलताना, पेशंट वर पाठवू नका. आम्हाला हे पटवायला दोन मेट्रन (नर्सिंग प्रमुख) लागल्या. पहिलीला ओटी रिकामी करायची घाई असायची.